एफडी ठेवून घेतलेलं पहिलं क्रेडिट कार्ड: सोलापूरच्या युनिफॉर्मवालीचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढं वाचायची गरज नाही. कार्ड चांगलं आहे, देणारी बँक बरी आहे आणि देताना सांगितलेली माहिती अर्धीमुर्धी आहे. पाचपैकी साडेतीन. बँकेचं नाव लिहीत नाही. एफडीवरचं कार्ड आता बऱ्याच बँका देतात, थोड्याफार फरकानं सगळीकडं मांडणी तीच. आणि मला ज्या गोष्टीचा राग आला, ती एकाच बँकेची खोड असेल असं मला वाटत नाही.

अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. ओव्हरलॉक आणि काज-बटण धरून सहा मशिनी. मार्चपासून जूनपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, माल त्याआधी पोचला पाहिजे, आणि पार्टीचं पेमेंट मात्र निवांत गणपतीच्या आसपास. मधल्या काळात दोरा, सुया, मोटर, मशिनीचे सुटे भाग घ्यायला पंधरा-वीस हजार रुपये महिनाभर फिरवता आले तर बरं, एवढीच माझी गरज. मोठं कर्ज नको होतं.

पण माझ्या नावावर काहीच नव्हतं. घर मिस्टरांच्या नावावर, गाडी त्यांच्या नावावर, घराचं कर्जही त्यांचंच, कारण ते एसटीत आहेत आणि पगाराची स्लिप त्यांना मिळते. पहिली जुकी मशीन मी पतसंस्थेच्या कर्जावर घेतली होती. पिग्मीवाले काका रोज दिवे लागायच्या वेळेला यायचे, हप्त्याचे पैसे डब्यात वेगळे ठेवलेले असायचे, एकदाही खाडा झाला नाही. पतसंस्थेत गेले की मॅनेजर उठून चहा सांगायचे. तो सगळा व्यवहार बँकेच्या कॉम्प्युटरला ठाऊकच नाही, कारण बहुतेक पतसंस्था आपल्या कर्जांची नोंद सिबिलसारख्या, कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपन्यांकडं पाठवतच नाहीत. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर तेच कर्ज मी बँकेतून काढलं असतं.

मग एका शॉपिंग सेंटरमध्ये टेबल टाकून बसलेल्या पोरानं गाठलं. "मॅडम, लाइफटाइम फ्री आहे, फक्त सही करा." ती बँक वेगळी, तिचंही नाव नको. थोड्या दिवसांनी मेसेज आला की अर्ज नामंजूर. कारण काय ते नाही. मेल करून विचारलं तर उत्तर, "अंतर्गत धोरणानुसार." आता रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डाचे नियम आहेत, त्यात स्पष्ट लिहिलंय की अर्ज नाकारला तर नेमकं कारण लेखी कळवायचं. तो नियम उतरवून पुन्हा मेल टाकला, तेव्हा कुठं उत्तर बदललं: क्रेडिट हिस्ट्री उपलब्ध नाही. मधल्या मधे त्या अर्जाची चौकशी मात्र माझ्या कोऱ्या क्रेडिट रिपोर्टवर नोंदली गेली. कर्जाचं एक खातं नाही आणि चौकशी हजर!

रिपोर्ट काढणं सोपं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा नियमच आहे. आपली पत दाखवणारा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. माझ्याकडं आकडाच नव्हता. तिथं 'एनएच' होतं, म्हणजे नो हिस्ट्री. गंमत म्हणून आमच्या काजाच्या मशिनीवरच्या मावशींचाही रिपोर्ट काढला, त्यांच्याच मोबाइलवर, त्यांना विचारून. मावशी कित्येक वर्षं मायक्रोफायनान्सचं गटकर्ज घेतात आणि आठवड्याचा हप्ता नेमानं भरतात. त्या कंपन्या नोंद पाठवतात. मावशींचा स्कोअर साडेसातशेच्या आसपास निघाला. माझा भाचा कटिंग टेबलावरून ओरडला, "मालकिणीला स्कोअर नाही अन् मावशीला हाय की बे!" दिवसभर युनिटमध्ये तेच चाललं होतं, तेलुगूत, कन्नडात, मराठीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनं लोकसभेत सांगितलंय की कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं कुठलाही किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही, आणि पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये अशी सूचना आहे. छान आहे. पण फेटाळू नये आणि द्यावंच यात अंतर आहे, आणि बिनतारणाचं कार्ड कोणाला द्यायचं हे शेवटी बँकच ठरवते. वाद घालण्यापेक्षा एफडीचा रस्ता धरला.

शाखेतलं काम खरंच चांगलं झालं. याला पाचपैकी पाच. काउंटरवरच्या साहेबांनी पगाराची स्लिप, आयटीआर काही मागितलं नाही. पॅन, आधार, फोटो, झालं. तीस हजारांची एफडी केली आणि त्यावर नव्वद टक्के, म्हणजे सत्तावीस हजारांची लिमिट मिळाली. काही बँका पंचाहत्तर टक्के देतात, काही पूर्ण शंभर. एफडीवर लीन लागतं, म्हणजे कार्ड चालू आहे तोवर ती मोडता येत नाही, पण व्याज नेहमीसारखं मिळत राहतं. सासूबाईंना काळजी होती की पैसे अडकले आणि बँक बुडाली तर? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग इतकी वर्षं पिग्मी कशाला घातली?" याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

वर्षाची फी पाचशेच्या आत आणि वर १८ टक्के जीएसटी. फुकट आहे असं इथं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून तक्रार नाही. कार्ड कुरियरनं युनिटवरच आलं, ओटीपी टाकून चालू केलं. पाठोपाठ 'कार्ड प्रोटेक्शन' नावाची काहीतरी योजना गळ्यात मारणारे फोन सुरू झाले. नको म्हटलं. पुन्हा आले. पुन्हा नको म्हटलं.

आता रागाची गोष्ट. कार्डाचं बिल बचत खात्यातून आपोआप कापलं जावं म्हणून एक फॉर्म असतो. तो शाखेतल्या माणसानं भरून माझ्यापुढं सहीला ठेवला. सही करायच्या आधी वाचला, तर 'मिनिमम अमाउंट ड्यू' वर टिक, म्हणजे बिलातली फक्त किमान रक्कम कापायची. मी विचारलं, हे काय? "ताई, सगळे हेच ठेवतात, खात्यावर ताण येत नाही." ताण येत नाही म्हणे! आमच्या धंद्यात पीसमागं पन्नास पैशांचा हिशेब चालतो, म्हणून तिथंच कागदावर गणित मांडलं. समजा वीस हजारांचं बिल आलं आणि पाच टक्के म्हणजे हजार रुपये भरले. उरले एकोणीस हजार. त्यावर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, वर जीएसटी साधारण १२०. म्हणजे एका महिन्याचे ७८५ रुपये. आणि माझ्याच तीस हजारांच्या एफडीवर बँक मला महिन्याला देते जेमतेम १६०. स्वतःच्याच पैशाच्या जामिनावर पाचपट भाडं. शिवाय एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज चालू.

टिक बदलून 'टोटल अमाउंट ड्यू' वर, म्हणजे पूर्ण बिलावर घेतली. त्या माणसानं वाद घातला नाही, नवा फॉर्म काढून दिला. पण माझ्यानंतर रांगेत एक पोरगा होता, बहुतेक पहिल्या नोकरीवरचा. त्याच्या फॉर्मवर काय टिक असेल ते मी सांगू शकते. माझा दीड तारा गेला तो इथंच. बँकेनं काही बेकायदा केलेलं नाही, सगळं बारीक अक्षरात छापलेलं आहे. पण ज्याच्याकडं पहिल्यांदाच कार्ड येतंय त्याला तोंडानं सांगायची ही एकमेव गोष्ट, आणि तीच सांगितली जात नाही.

दुसरी न सांगितलेली गोष्ट बिलाच्या तारखेची. माझं बिल बाराला निघायचं आणि भरायची शेवटची तारीख महिनाअखेरीस यायची, जेव्हा कारागिरांचा पगार असतो. बिलाची तारीख बदलून मागायचा हक्क आपल्याला आहे, निदान एकदा तरी. कस्टमर केअरला फोन केला, आधी नाही म्हणाले, मग नियम सांगितल्यावर बदलली. आता भरायची वेळ पार्टीचे चेक जमा झाल्यावर येते. उशीर झालाच तर दंड तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्यावरच लावता येतो, हेही त्याच नियमांत आहे. पण त्या तीन दिवसांच्या भरवशावर राहू नका.

वापराचं म्हणाल तर कार्ड रुपेचं आहे म्हणून यूपीआयला जोडता आलं. ही सोय २०२२ पासून आहे आणि सोलापुरात तिचा खरा उपयोग होतो, कारण आपल्याकडं स्वाइप मशीन असलेलं दुकान शोधावं लागतं पण क्यूआर पानाच्या टपरीवरही आहे. मधला मारुतीच्या बाजूला ज्यांच्याकडून मी बटणं आणि इलॅस्टिक घेते, तिथं मात्र पेमेंट जाईना. त्यांचा क्यूआर दुकानाचा नसून स्वतःच्या नावाचा होता, आणि क्रेडिट कार्डाचे पैसे यूपीआयवरून फक्त दुकानदार म्हणून नोंदलेल्या क्यूआरलाच जातात. शेजारच्या दुकानात क्यूआर बरोबर होता, पण शेठ म्हणाले, "क्रेडिट नको, दोन टक्के कापतात." छोट्या दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर असं काही कापलं जात नाही. हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच बँकेची एजंट आहे. तरी पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण जमा झालेले बघून आता स्वतःच विचारतात, कार्डावरून देता का म्हणून.

ऑनलाइन सुटे भाग घ्यायला मात्र एकदम झकास. सर्वो मोटर खराब निघाली तेव्हा परतीचे पैसे बिल भरायच्या आधीच कार्डावर जमा झाले.

स्कोअरचं विचारणारे बरेच भेटतात. पहिला आकडा दिसायला साधारण अर्धं वर्ष गेलं. आता जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला नोंद पाठवावी लागते, त्यामुळं रिपोर्टमध्ये बदल लवकर दिसतो. माझा पहिला स्कोअर सातशे तीसच्या घरात आला, मावशींच्या खालीच. लिमिट छोटी असली की एक अडचण होते. सत्तावीस हजारांतले वीस वापरले की रिपोर्टमध्ये हा माणूस गळ्यापर्यंत बुडालाय असं दिसतं, भले बिल वेळेवर भरलेलं असो. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळे सांगतात, पण सीझनला ते मला जमत नाही. मग मोठी खरेदी झाली की बिल निघायच्या आधीच ॲपमधून थोडी रक्कम भरून टाकते. बिलावर आकडा लहान येतो.

हे कार्ड कोणी घेऊ नये? ज्याला रोख पैशांची गरज आहे त्यानं. एटीएममधून या कार्डानं पैसे काढले तर अडीच टक्क्यांच्या आसपास फी आणि त्याच दिवसापासून व्याज. तीच एफडी ठेवून बँकेकडून कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट घेतला तर एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्केच जास्त पडतात. आमच्या शाखेत दोन्हींचे फॉर्म एकाच ड्रॉवरमध्ये असतात, पण पुढं सरकवला जातो तो कार्डाचा. आणि ज्यांच्या नावावर सोनेतारण किंवा गटकर्ज आहे त्यांनी एफडी करायच्या आधी स्वतःचा रिपोर्ट बघावा. मावशींसारखा आकडा आधीच तयार असेल तर पैसे अडकवायचं कारण नाही.

कार्ड बंद करायचं झालं तर सगळी बाकी भरून अर्ज दिल्यावर सात कामाच्या दिवसांत बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. त्यापुढं रोज पाचशे रुपये दंड बँकेनं आपल्याला द्यायचा. कार्ड बंद झालं की लीन निघतं आणि एफडी मोकळी. मी अजून बंद करत नाही. माझी एफडी मार्चमध्ये, ऐन सीझनला पिकतेय. ती आपोआप रिन्यू होणार की नाही हे ॲपमध्ये दिसत नाही, लीन असलेल्या एफडीला ते बटणच नाही. कस्टमर केअर म्हणतं शाखेत विचारा. तेव्हा फेब्रुवारीत, कापडाच्या गाठी यायच्या आधी, एकदा शाखेत जाऊन ते लेखी घेऊन येणार आहे.