बेर्गवाल्डप्रोयेक्ट: आल्प्सच्या रानात आठवडाभर श्रमदान, जाण्याआधी काय माहीत असावं

स्वित्झर्लंडमधलं जवळपास निम्मं जंगल खालची गावं, रस्ते आणि रेल्वे यांना हिमस्खलनापासून आणि दरडींपासून वाचवतं. त्या जंगलात नवी झाडं उभी राहिली नाहीत तर तिथे लोखंडी जाळ्या आणि कुंपणं लावावी लागतात, आणि तो खर्च कितीतरी पट जास्त असतो. ग्राउब्युंडन प्रांतातल्या ट्रिन गावची बेर्गवाल्डप्रोयेक्ट ही संस्था 1987 पासून या कामासाठी हौशी लोकांना आठवडाभर डोंगरात नेते. वय 18 पूर्ण हवं, अनुभवाची अट नाही. राहणं-जेवण संस्थेचं, प्रवासखर्च आपला. झुरिक-बाझलकडच्या मराठी मंडळींनी एकदा तरी जावं असं हे शिबिर आहे, पण तयारीने जावं.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे इथे काम नीट शिकवतात. रोप लावणं म्हणजे खड्डा खणून माती लोटणं नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळतं. आधी जागा हेरायची. खोलगट जागा टाळायची, कारण तिथे बर्फ उशिरापर्यंत साठून राहतो आणि त्याखाली काळी बुरशी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सुया एकमेकींना चिकटवून फांदी मारते. उंचवटा चांगला. जुन्या खोडाची खालच्या अंगाची जागा त्याहून चांगली, कारण घसरणारा बर्फ आधी खोडावर अडतो. मग कुदळीने गवताचा थर बाजूला काढायचा, मुळं सरळ खाली सुटतील इतकं खोल खणायचं, गवताखालची माती भरायची आणि टाचेने घट्ट दाबायची. शेंडा धरून हलकेच ओढून बघायचं, रोप हललं तर पुन्हा दाबायचं.

रोपं मरतात ती बहुतेक दोन कारणांनी. एक म्हणजे उघडी मुळं उन्हावाऱ्यात पडून राहतात. बारीक तंतुमुळं काही मिनिटांत सुकतात, म्हणून ओल्या पोत्यातून एका वेळी एकच रोप काढायचं. दुसरं म्हणजे खड्डा उथळ राहतो आणि मुळाचं टोक वर वळतं. असं रोप दोन-तीन वर्षं हिरवं दिसतं आणि मग बसतं. इतक्या उंचीवर झाडाला बर्फाच्या वर डोकं काढायलाच दोन-तीन दशकं लागू शकतात, तेव्हा आपली घाई तिथे चालत नाही.

शरद ऋतूतल्या आठवड्यांत हरणांपासून राखण करण्याचं काम निघतं. पांढऱ्या फर झाडाचा कोवळा शेंडा हरणांना आणि शॅमॉय बकऱ्यांना फार आवडतो. त्यावर एक साधा उपाय म्हणजे मेंढीची लोकर. चिमूटभर लोकर पिंजून शेंड्याच्या कळीभोवती सैल गुंडाळायची. घट्ट आवळली तर वसंतात फुटणारा कोंब वाकडा येतो, फारच सैल ठेवली तर पहिल्याच वाऱ्यात उडते. हे बोटांचं काम आहे आणि थंडीत बोटं बधिर होतात, म्हणून बोटं उघडी राहणारे लोकरी हातमोजे न्या.

टोळीत रुळायचं तर वेगाची ईर्ष्या सोडा. पहिल्या दोन दिवसांत दमछाक करून घेणारे तिसऱ्या दिवशी पाठ धरून बसतात. उतारावर सगळ्यांनी एकाच पातळीत, शेजारच्यापासून कुदळीच्या दोन दांड्यांइतकं अंतर ठेवून काम करायचं. कुणाच्याही थेट वर किंवा खाली उभं राहायचं नाही. पायाखालून दगड सुटला तर ‘श्टाइन!’ (दगड!) म्हणून जोरात ओरडायचं, लाजायचं नाही. झाडं पाडण्याचं करवतीचं काम प्रशिक्षित माणसांकडे असतं, तिथे हौस दाखवू नये. संध्याकाळी भांडी घासणं आणि झाडलोट वाटून घेतली जाते. सांगायच्या आत उठणारा माणूस भाषा अडली तरी सगळ्यांना आपला वाटतो. आणि भाषा अडतेच. जर्मन भागातल्या आठवड्यात सूचना जर्मनमध्ये असतात, बोलीही कानावर पडते. निदान हत्यारांची नावं आणि धोक्याचे शब्द पाठ करून जा.

सामानात पैसे घालायचे तर बुटांत घाला. घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे, खोल खाचांचे बूट हवेत, आणि ते आधी महिनाभर वापरून पायाला बसलेले हवेत. स्पोर्ट शूज ओल्या गवतावर घसरतात, नवे बूट टाचेला फोड आणतात. सुती बनियन घामाने भिजला की वाळत नाही, त्याऐवजी लोकरीचा घ्या. स्लीपिंग बॅग आणि कानात घालायचे बोळे विसरू नका, कारण झोपायला सामाईक खोली असते. शाकाहारी असाल तर नोंदणी करतानाच तसं लिहा. दुपारचं जेवण रानातच होतं, पाव, चीज, सूप अशा धर्तीचं. लोणच्याची छोटी बाटली सोबत असू द्या, ती टोळीत हातोहात फिरते.

दोन गोष्टी घरूनच उरकून निघा. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराची लस घ्या. 2019 पासून जवळजवळ सगळा देश त्या धोक्याच्या क्षेत्रात धरला जातो. पहिले दोन डोस साधारण महिन्याच्या अंतराने आणि तिसरा काही महिन्यांनी, म्हणजे मे महिन्यात जायचं तर थंडीतच सुरुवात करा. गोचिडीतूनच होणाऱ्या लाइम आजारावर मात्र ही लस चालत नाही, म्हणून रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड आहे का ते तपासायचं. दुसरं म्हणजे अपघात विमा. एका कंपनीत आठवड्याला 8 तास किंवा जास्त नोकरी असेल तर फावल्या वेळातले अपघात कंपनीच्या विम्यात येतात. नोकरी नसलेल्या जोडीदाराने मात्र आपल्या आरोग्य विम्यात अपघाताचं कलम आहे ना, ते बघून घ्यावं.

गुडघेदुखी असेल किंवा उंच उतारावर भोवळ येत असेल तर हे काम झेपणार नाही. लहान मुलं असतील तर कुटुंबांसाठीचे वेगळे आठवडे असतात, तिथे नाव द्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वसंतातला, कमी उंचीवरचा लागवडीचा आठवडा निवडावा. चढ सोसवतो आणि सगळी पायरीवार पद्धत हाताखालून जाते.