साउथ फोर्कच्या फुटलेल्या धरणावर: जॉन्सटाउन पूर राष्ट्रीय स्मारक

पेनसिल्व्हेनियातले हे स्मारक सवड काढून पाहावे. श्रीमंतांच्या एका क्लबाने मासेमारी आणि नौकाविहारासाठी राखलेले सुमारे २२ मीटर उंचीचे मातीचे धरण ३१ मे १८८९ रोजी फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरासह खोऱ्यातली २,२०९ माणसे दगावली. आधीच्या मालकाने काढलेले तळाचे विसर्गनळ क्लबाने पुन्हा बसवले नाहीत, बग्ग्यांच्या रस्त्यासाठी माथा उतरवला, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर लावलेल्या जाळ्यांत पुराबरोबर आलेला कचरा अडकला. हे सारे मालक असलेल्या क्लबाच्याच मर्जीवर चालले होते, याचा मला आजही संताप येतो. धरणाच्या उरलेल्या टोकावर उभे राहिले की गवताळ उतारांमधले खिंडार आणि त्यातून वाहणारा, विश्वास बसू नये इतका लहान ओढा दिसतो.