लॉ कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र: नुसत्या सर्टिफिकेटसाठी जाऊ नका

पुण्यातल्या आमच्या लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात मी तिसऱ्या वर्षापासून काम करते. आता पाचव्या वर्षाला आहे. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टात, बोलायला शिकले, पण समोरच्याचं ऐकून घ्यायला आणि कागद वाचायला मला या केंद्रानेच शिकवलं. ज्युनिअर्सना म्हणूनच आवर्जून सांगते, इथे नाव नोंदवा.

केंद्र म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. येणाऱ्यांत घरकाम करणाऱ्या मावश्या, पगार थकलेले वॉचमन, डिपॉझिट अडकलेले भाडेकरू आणि बऱ्याचशा माहेरी परतलेल्या बायका. 'मी विद्यार्थिनी आहे, वकील नाही' हे आधीच सांगायचं, असा केंद्र बघणाऱ्या मॅडमचा दंडक आहे. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 33 मुळे वकिली फक्त नोंदणीकृत वकिलांनाच करता येते, म्हणून कोर्टात आम्हाला उभं राहता येत नाही. पण माहिती टिपून घेणं, कागद तारखेप्रमाणे लावणं, मसुदा करणं आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज भरून देणं, एवढं काम आमच्याकडे असतं.

या अर्जाबद्दल लोकांना फारच कमी माहिती आहे. नोकरी करणाऱ्या कितीतरी बायका विचारतात, 'मला पगार आहे, मग फुकट वकील कसा मिळेल?' विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेले, यांना उत्पन्नाची अट नाही. हे सांगितल्यावर समोरची बाई खुर्चीत जरा सैलावून बसते, ते बघण्यासारखं असतं.

खरं शिक्षण मसुदा करताना होतं. पोटगीच्या अर्जात 'दिवाळीच्या सुमारास घराबाहेर काढले' असं लिहून नेलं की मॅडम त्याखाली लाल रेघ मारतात: तारीख? बाईंना तर ती आठवत नसते. मग पिशवीतले कागद टेबलावर पसरायचे. गॅसचं पुस्तक, बँकेचं पासबुक, पोराचा शाळेचा दाखला. एकदा सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर ती तारीख सापडली, मार लागल्याची नोंदही तिथेच होती. पुरावा म्हणजे काय, हे मला त्या चुरगळलेल्या कागदाने शिकवलं. पोटगीसाठी सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही, बाई राहते तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो, हेही मी पुस्तकात वाचलं होतंच. पण ते माझ्या डोक्यात बसलं ते इथे.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. परीक्षा आणि सुट्ट्या आल्या की केंद्र जवळजवळ बंद पडतं. लोकांच्या अडचणी काही सेमिस्टर बघून येत नाहीत. सुट्टीनंतर नवी बॅच येते आणि तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारते. मारहाणीची हकिगत एका बाईला तीन-तीन विद्यार्थ्यांपुढे सांगायला लावणं मला अजिबात पटत नाही. प्रत्येक फाइलमध्ये एक पानाची नोंद ठेवली पाहिजे: काय झालं, कुठे अर्ज दिला, पुढची तारीख कोणती. मी माझ्या फाइल्समध्ये ती ठेवायला लागले आहे. कॉलेजने ती सक्तीची करावी. वस्तीत जायचा बसखर्चही द्यावा, कारण त्यापायी हुशार मुलं गळतात.

शिबिरात फोटोपुरते उभे राहणारेही भरपूर भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मॅडमना भेटा, मराठीत सुवाच्य अर्ज लिहायचा सराव करून जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आहे, तेव्हा पोटगीसाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 नाही, आता या नव्या संहितेचं कलम 144 बघायचं. आणि सुट्टीत केंद्राला कुलूप दिसलं, तर आलेल्या माणसाला तसंच परत पाठवू नका, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा हेल्पलाइन नंबर लिहून द्या.