जळगावातली एक जॉब कन्सल्टन्सी, आणि ऑटिझम सांगायचा का नाही याचा घोळ

साडेतीन स्टार. नाव टाकत नाहीये, रिंग रोडच्या बाजूला आहे, खाली ज्यूसचं दुकान आहे, एवढंच सांगते. नाव टाकलं की तिथे येणाऱ्यांपैकी ऑटिझमवाली मुलगी कोण हे शोधायला आपल्या जळगावला दहा मिनिटं पण लागणार नाहीत, आणि हा रिव्ह्यू बराचसा त्याच्याबद्दलच आहे.

माझं थोडक्यात सांगते. एम.कॉम. झालंय, टॅली येतं, जीएसटी रिटर्न येतं, भुसावळहून अपडाऊन करायची तयारी आहे. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान मोठेपणी झालं, पुण्यात. बिलं मॅच करायला बसवा, संध्याकाळपर्यंत मान वर करणार नाही, पण इंटरव्ह्यूत "स्वतःबद्दल काहीतरी सांगा" म्हटलं की संपलं, काहीतरी म्हणजे नेमकं काय सांगू, शाळेपासून का कॉलेजपासून. म्हणून ही सर्व्हिस घेतली. पॅकेज ४,५०० रुपये, त्याच्यात रेझ्युमे, मॉक इंटरव्ह्यू आणि कंपन्यांना नाव पाठवणं, आणि नोकरी लागली तर पंधरा दिवसांचा पगार वेगळा. इथल्या मानाने महाग आहे पण लुटालूट नाही.

आधी चांगलं. मॉक इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅडम म्हणजे सोनं आहेत. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की खालच्या मिक्सरचा आवाज सुरू झाला की मला तुमचं बोलणं नीट कळत नाही, तर त्यांनी नाटक न करता खुर्च्या उचलल्या आणि मागच्या झेरॉक्सच्या खोलीत बसवलं. प्रश्न आधी कागदावर लिहून द्यायच्या, मग त्याच प्रश्नांची भाषा बदलून विचारायच्या, मग मध्येच मुद्दाम फोन उचलून मला थांबवायच्या म्हणजे तुटलेलं वाक्य पुन्हा कुठून धरायचं ते कळतं. "स्वतःबद्दल सांगा"चं उत्तर आम्ही चार वाक्यात बसवलं: शिक्षण, कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं काम एकटीने केलंय, कधीपासून येऊ शकते. बस. पाचवं वाक्य बोलायचं नाही. याच्यासाठी पूर्ण पाच स्टार.

आता घोळ. ऑटिझमचं सांगायचं का नाही हे मी स्पष्ट विचारलं, तर एकाच ऑफिसात दोन उत्तरं. सर म्हणाले रेझ्युमेत टाकूनच देऊ, कोटा असतो, फायदा होईल. बाहेरच्या टेबलावरचा दादा म्हणाला, ताई तोंडातून काढू पण नका, लग्न व्हायचंय ना अजून. दोघं एकदम ठामपणे.

सरांचं कोट्याचं अर्धवट आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, जो एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्याच्यात आधीच्या ७ ऐवजी २१ प्रकार आले आणि ऑटिझम त्याच्यात आहे हे खरं. पण ४ टक्के आरक्षण आहे ते सरकारी जागांना. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून, आणि प्रमाणपत्र किमान ४० टक्क्यांचं लागतं. भुसावळात घरोघर कोणीतरी रेल्वेत असतं त्यामुळे कोटा म्हटलं की सगळ्यांना तेच दिसतं. तिथे फॉर्म भरताना दिव्यांग कॅटेगरी टाकली की सांगायचं का नाही हा प्रश्नच उरत नाही, सांगावंच लागतं. पण एमआयडीसीतल्या चटईच्या युनिटला किंवा दालमिलला कोटा वगैरे काही नसतो, तिथे रेझ्युमेवर टाकून काय मिळणार? समान संधीचं धोरण खाजगीला पण जाहीर करावं लागतं, २० किंवा जास्त माणसं असली तर जास्त सविस्तर, असा नियम आहे, पण आपल्याकडची कितीतरी ऑफिसं दहा-बारा माणसांची असतात, आणि मोठ्यांना पण "तुमचं धोरण दाखवा" असं फ्रेशर मुलीने विचारायचं म्हणजे बोलायलाच नको.

अजून एक, सर म्हणाले इन्कमटॅक्समध्ये सूट पाहिजे तर ऑफिसला सांगावंच लागेल. हे माझ्या लाइनचं आहे म्हणून मी तिथेच बोलले. दिव्यांगांना मिळणारी ७५,००० ची वजावट (१९६१ च्या इन्कमटॅक्स कायद्यात ८०यू) जुन्या रिजीममध्ये रिटर्न भरताना स्वतः घेता येते, ऑटिझमला वेगळा फॉर्म लागतो (त्या कायद्यात १०-आयए) तो भरायचा, मालकाला कळायची गरज नाही. तसंच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं म्हणजे कंपनीला आपोआप कळतं असं पण नसतं. कार्ड आपल्या पाकिटात, दाखवायचं का नाही ते आपण ठरवायचं. सर म्हणे अच्छा असं आहे का. म्हणजे ४,५०० मी दिले आणि सल्ला पण मीच दिला 😄

आता दीड स्टार कापला तो कशासाठी. मी सांगितलं होतं की ठरेपर्यंत ऑटिझमचा शब्द कुठे जाऊ देऊ नका. तरी त्यांच्याकडून रेझ्युमे गेला तो सरांनी बनवलेला, वर नावाखाली ठळक अक्षरात "ऑटिझम (सौम्य)" लिहिलेला, जसं काही ती डिग्री आहे. आणि गेला तो ईमेलने एका कंपनीला नाही, व्हॉट्सअॅपवर. मला कळलं कसं, तर संध्याकाळी मावशीचा मम्मीला फोन, की त्यांच्या गल्लीतले एक काका, जिथे तो रेझ्युमे गेला तिथेच हिशोबाला आहेत, ते विचारून राहिले, तुमच्या भाचीला काय आजार आहे म्हणे. मम्मी बिचारी पोळ्या टाकता टाकता थांबली. पप्पा काही बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी जाऊन बोलले. मॅडमनी माझ्यासमोर फोन करून तो रेझ्युमे डिलीट करायला लावला, नवीन पाठवला, सरांनी सॉरी म्हटलं पण "आम्ही तर तुमच्या भल्यासाठीच" हे शेपूट लावून. डिलीट करून काय होतं भो, काकांनी वाचला तो वाचला.

नेटवर याच्याबद्दल वाचलं की सगळं मोठ्या कंपन्यांचं असतं, एचआरला सांगा, एचआर फाइलमध्ये गुप्त ठेवेल. आपल्याकडे एचआर म्हणजे मालकाचा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आपली मावशी एका भिशीत, आणि मुनीमजी समाजाच्या वधूवर मेळाव्यात व्हॉलंटिअर. इथे एका माणसाला सांगितलं की ते बहिणीच्या स्थळापर्यंत जातं. माझी लहान बहीण आहे, तिला याच्यात का ओढायचं. म्हणून "लपवताय म्हणजे लाज वाटते का" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. लाज नाही वाटत. माहिती माझी आहे, कोणाला द्यायची ते मी बघेन.

मॅडमबरोबर बसून शेवटी जे ठरलं ते मला पटलं आणि मी तेच वापरते. निदानाचं नाव घ्यायचं नाही, गरज सांगायची, आणि ती पण कामाच्या भाषेत. एमआयडीसीतल्या इंटरव्ह्यूला मालक म्हणालेच, "खाली काय बघून राहिली, इकडे बघून बोल ना." आम्ही पाठ केलेलं मी बोलले, "सर मी ऐकताना खाली बघते, पण लक्ष पूर्ण असतं. तोंडी चार कामं एकदम सांगितली तर माझा गोंधळ होतो, लिहून व्हॉट्सअॅप केलं तर एक पण सुटणार नाही." ते एक मिनिट गप्प, मग एक लेजर पुढे ढकललं, म्हणे याच्यात फरक कुठेय सांग. एक एंट्री दोनदा पडली होती, सापडली. नोकरी लागली. कामं व्हॉट्सअॅपवर येतात, कधीकधी व्हॉइस मेसेज येतो तेव्हा मी "सर लिहून टाका ना" म्हणते, कुरकुर करतात आणि लिहितात.

पण हे सगळ्यांना चालेल असं मी म्हणणार नाही. ज्याला बोलायलाच त्रास होतो, किंवा आवाजाने ज्याचं मध्येच सगळं बंद पडतं, त्याने नाव न सांगता किती ओढायचं? त्याला सांगणं सोपं पडेल, आणि सांगायचं तर माझ्या मते ऑफर हातात लेखी आल्यावर, कागदासकट, काय पाहिजे ते सोबत लिहून. आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये सरळ प्रश्नच असला तर खोटं लिहू नका, नंतर तेच दाखवून काढायला त्यांना कारण मिळतं. न विचारलेलं न सांगणं वेगळं.

तर जायचं असेल तर जा, पण मॅडमचीच अपॉइंटमेंट मागा, त्या मंगळवार-शुक्रवार दुपारनंतर असतात. रेझ्युमे पाठवायच्या आधी मला दाखवायचा आणि कुठे पाठवताय ते सांगायचं, हे पैसे भरायच्या आधी त्यांच्या फॉर्मच्या मागे लिहून सही घ्या, मी नंतर घेतली, दिली त्यांनी. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. गाडी ज्यूसवाल्यासमोर लावू नका, तो हवा सोडतो.