शिडी, केंद्र की भरती? ठाण्याच्या महापौरपदाच्या दावेदारांची आश्वासनं कशी तोलायची

महापौरपदाचे दावेदार अग्निशमन आणि आपत्कालीन सेवेबद्दल आश्वासनं देतात; ती तोलण्याआधी एक गैरसमज दूर करू. शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरात नगराध्यक्ष थेट मतदार निवडतात, पण ठाण्याचा महापौर तसा निवडला जात नाही. १३१ नगरसेवक आपल्यातल्याच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर करतात आणि पद कोणत्या प्रवर्गाला राखीव हे सोडतीत ठरतं. तुमच्या हातात असतात ती प्रभागातली अ, ब, क, ड अशी चार मतं (एका प्रभागात तीन). म्हणून महापौरपदाचा दावेदार तोलायचा, तर तो आणि त्याच्या पक्षाचे तुमच्या प्रभागातले उमेदवार एकत्रच तोलावे लागतात.

महापौराला काय करता येतं तेही पक्कं ठेवा. अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, १६ जणांची स्थायी समिती त्यात फेरफार करते, निविदाही तिथेच मंजूर होतात आणि खर्च प्रशासन करतं. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो, विषय पटलावर घेतो, ठराव करून घेतो, अंदाजपत्रकी सभेत तरतूद वाढवायला लावू शकतो. आग विझवणं हे १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. त्यामुळे ‘पैसा नाही’ हे कारण फार काळ चालवून घेऊ नये.

आपत्कालीन सेवेवर तीन तऱ्हेची आश्वासनं मिळतात. पहिला म्हणतो उंच शिडी आणतो, दुसरा म्हणतो नवं अग्निशमन केंद्र बांधतो, तिसरा म्हणतो माणसं भरतो.

उंच शिडी

फलकावर शिडी उठून दिसते, म्हणून हे आश्वासन सगळ्यात लोकप्रिय. ५५ मीटरची शिडी सरळ उभी केली, तर तीन मीटरच्या मजल्याच्या हिशेबानं अठराव्या मजल्यापर्यंत जाते. गाडी इमारतीपासून लांब उभी करावी लागली आणि शिडी तिरकी झाली की तेवढी उंची मिळत नाही. घोडबंदर रोडवर तीस मजल्यांच्या पलीकडचे टॉवर आहेत. तिथे वरच्या मजल्यांना वाचवतो तो इमारतीतला रायझर (पाणी वर नेणारा उभा पाइप), सुरू असलेला पंप आणि मोकळा ठेवलेला रेफ्यूज मजला (आगीत आसरा घ्यायची जागा).

खरी अडचण जमिनीवर असते. शिडीच्या गाडीला चार जॅक बाहेर काढून पक्क्या जमिनीवर टेकवावे लागतात. एका जॅकला भक्कम आधार मिळाला नाही, तर गाडीतली सुरक्षा यंत्रणा शिडी वर उचलूच देत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता इमारतीभोवती सहा मीटर मोकळी जागा आणि ४५ टन वजन पेलणारा पृष्ठभाग मागते. सोसायटीत नेमक्या त्याच जागेवर दुचाकींची रांग असते, नाहीतर पेव्हर ब्लॉकखाली पाण्याच्या टाकीचा स्लॅब असतो. शिवाय ही गाडी महिनोन्‌महिने उघडली नाही की हायड्रॉलिक सील कडक होतात, सेन्सर चुकीचं दाखवतात, आणि परदेशी बनावटीची गाडी असेल तर एका सुट्या भागासाठी ती आवारात उभीच राहते. शिडीचा वायदा करणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: देखभालीचा करार किती वर्षांचा, आणि ती चालवणारे प्रशिक्षित यंत्रचालक तिन्ही पाळ्यांत असतील का?

नवं केंद्र

हे आश्वासन जास्त वजनाचं, कारण यात मिनिटं वाचतात. स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेच्या निकषानुसार शहरात साधारण दर १० चौरस किलोमीटरला एक केंद्र हवं आणि पहिली गाडी पाच ते सात मिनिटांत पोचायला हवी. ठाणे महापालिकेचं क्षेत्र १२८ चौरस किलोमीटर. येऊरचं जंगल आणि खाडी वजा केली तरी आकडा मोठाच उरतो. गर्दीत गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर सात मिनिटांत ती सव्वादोन किलोमीटर जाते. आता बाळकुम केंद्रापासून गायमुखपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा, अवजड वाहनांची रांग लागलेली असताना. किंवा दिव्यातल्या गल्ल्या आणि रेल्वे फाटक.

केंद्रं रखडतात ती बहुधा जागेपायी. विकास आराखड्यात आरक्षण असतं, पण भूखंड ताब्यात नसतो किंवा त्यावर अतिक्रमण असतं. म्हणून भूमिपूजनाच्या तारखेला महत्त्व देऊ नका, मालमत्ता पत्रकावर महापालिकेचं नाव लागलंय का ते विचारा. आणखी एक बारीक गोष्ट: केंद्राच्या दारासमोर दुभाजक असेल, तर प्रत्येक कॉलला गाडीला उलट दिशेला जाऊन वळून यावं लागतं.

भरती

भरतीचा फलक कुणी लावत नाही. तरी आमच्या मते खरी परीक्षा इथेच होते. एका गाडीवर चालक, प्रमुख अग्निशामक आणि चार फायरमन असे सहा जण धरा. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८. म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं, सहा जागांना २१, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून २४-२५. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८.४ लाख होती. पहिल्या तीन लाखांना दर ५० हजारांमागे एक आणि पुढे दर लाखाला एक पंप (म्हणजे पाणी मारणारी गाडी), हा निकष लावला तर एकवीस-बावीस पंप लागतात. म्हणजे नुसत्या पंपांसाठी पाचशेहून जास्त माणसं.

उंच इमारतीत हा हिशेब आणखी वाढतो. श्वसनसंचाचा ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला, तर त्यात साधारण दोन हजार लिटर हवा मावते. जिना चढून, नळी ओढत काम करणारा माणूस मिनिटाला ५०-६० लिटर हवा घेतो. पस्तीस-चाळीस मिनिटांत सिलिंडर संपतो आणि त्याच्या बरीच आधी धोक्याची शिट्टी वाजून माघारी फिरावं लागतं. विसाव्या मजल्यावर आग असेल, तर एकामागून एक जोड्या आत पाठवाव्या लागतात. एका गाडीचे सहा जण पुरत नाहीत.

भरतीची वाट लांब आहे: आकृतिबंधाला (मंजूर पदांच्या आराखड्याला) नगरविकास विभागाची मंजुरी, बिंदुनामावली (आरक्षणाची क्रमवारी), जाहिरात, शारीरिक चाचणी, नियुक्ती, मग सहा महिन्यांचं प्रशिक्षण. त्यात आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगारांचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचं बंधन आडवं येतं. अडीच वर्षांच्या महापौरानं पहिल्या तीन महिन्यांत ठराव केला नाही, तर त्याच्या कारकिर्दीत एकही नवा फायरमन गाडीवर चढणार नाही. ‘ठोक मानधनावर घेऊ’ म्हणणाऱ्याला विचारा, प्रशिक्षित माणूस वर्षभरात सोडून गेला तर पुढे काय?

रुग्णवाहिकांचं आश्वासन ऐकताना १०८ ही राज्य सरकारची सेवा आहे, महापालिकेची नाही, एवढं लक्षात असू द्या. महापालिकेच्या हातात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे एका दिवसात १८ रुग्ण दगावले. त्याबद्दल जो काहीच बोलत नाही, त्याच्या रुग्णवाहिकांना अर्थ नाही.

ठाण्यात आपत्ती म्हणजे फक्त आग नव्हे. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ढिगाऱ्यातून माणसं काढायला टीडीआरएफ, म्हणजे ठाण्याचं आपत्ती प्रतिसाद दल, आहे आणि त्याला कटर, जॅक, सराव यांसाठी पैसा हवाच. पण पावसाळ्याआधी ‘सी-१’ (अतिधोकादायक, रिकाम्या करायच्या इमारतींच्या) यादीत आलेल्या कुटुंबांनी राहायचं कुठे, याचं उत्तर उमेदवाराकडे असायला हवं. जागा मिळत नाही म्हणून माणसं घर सोडत नाहीत.

अंदाजपत्रकात कुठे पाहायचं

अग्निशमन विभागाचं पान काढा. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी लिहा. मूळ अंदाज मोठा आणि प्रत्यक्ष खर्च किरकोळ असेल, तर ती तरतूद कागदावरच राहिली. मग महसुली आणि भांडवली बाजू वेगळी करा. भांडवली बाजूला वाहन खरेदी फुगलेली आणि महसुली बाजूला वेतन, इंधन, दुरुस्ती जागच्या जागी असेल, तर नव्या गाडीला माणूस नाही हे तिथेच कळतं. जो उमेदवार आधी नगरसेवक होता, त्याच्या काळातलं हे पान काढून त्याच्यासमोर ठेवा.

दोन उमेदवार सारखेच वाटले तर आम्ही असं ठरवू: घोडबंदर, मुंब्रा, दिवा इथल्या मतदारानं ताब्यातला भूखंड दाखवणाऱ्या केंद्रवाल्याला झुकतं माप द्यावं. नौपाडा, पाचपाखाडीत केंद्र जवळ आहे, तिथे भरती आणि जुन्या इमारतींचा प्रश्न आधी. शिडी तिसऱ्या क्रमांकावर, आणि तीही २४ माणसांच्या हिशेबासकट.

एक काम मात्र कुठल्याच उमेदवारावर सोडता येणार नाही. २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची आगरोधक यंत्रणा चालू असल्याचं ‘बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घेणं ही मालकाची, म्हणजे सोसायटीची जबाबदारी आहे. कागद घेताना पंप समोर चालू करायला लावा आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या नळीतून पाणी जोरानं येतंय का, ते स्वतः पाहा.