जहाजावरचा दवाखाना की गावातलं शिबिर?

आफ्रिकेत वैद्यकीय सेवेसाठी स्वयंसेवक म्हणून जायचं तर हे दोन मार्ग. मर्सी शिप्स या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचं ‘ग्लोबल मर्सी’ हे रुग्णालय-जहाज २०२३मध्ये सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात लागलं. तिथे जन्मतः दुभंगलेल्या ओठाचं मूल शस्त्रक्रियेनंतरही टीमच्या नजरेखाली राहतं. नर्सइतकीच गरज स्वयंपाक्याची आणि इलेक्ट्रिशियनची. पगार नाही.

युगांडातल्या गावात चर्चतर्फे दोन आठवड्यांचं शिबिर, हा सोपा मार्ग; घोळही तिथेच जास्त. जंतांवरचं अल्बेंडाझोल दोन वर्षांवरच्या मुलांना ४०० मिलिग्रॅम, एक ते दोन वर्षांच्यांना २००. तीन वर्षांखालच्यांना गोळी चुरून पाण्यातूनच द्या. रडत्या मुलाच्या तोंडात अख्खी कोंबली तर श्वासनलिकेत अडकते. सरकारी मोहीम नुकतीच झाली का, हे आरोग्य केंद्रात आधी विचारा. रक्तदाबाच्या तीस गोळ्या दिल्यात, एकतिसाव्या दिवशी काय? केंद्राच्या नावे चिठ्ठी हवीच. मुलांना बायबलच्या गोष्टी जरूर सांगा, पण औषधाची रांग प्रार्थनेच्या अटीवर नको. अनाथाश्रम तर टाळाच: दर पंधरवड्याला नवे काका-मावशी लळा लावून निघून जातात.

वैद्यकीय शिक्षण नसेल तर आमचं मत जहाजाच्या बाजूने.

पिवळ्या तापाची लस दोन्हीकडे लागते, निदान दहा दिवस आधी. प्रमाणपत्राशिवाय भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण.