घोड्याला माशी: पंखा घ्यावा, जाळी की बाटली?

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडं घेतलं की पहिले काही महिने माशीचा विषय फारसा निघत नाही. आधी थंडी, मग कोरडा उन्हाळा. नव्या मालकाला वाटतं, आपला तबेला स्वच्छच आहे. मग मृगाचा पाऊस पडतो आणि पंधरा दिवसांत घोडं पाय आपटायला लागतं, शेपूट क्षणभर थांबत नाही, डोळ्यांच्या कडा पाझरतात. मालक मोबाइलवर फवारे शोधायला बसतो. गेल्या पावसाळ्यात मला असे तीन फोन आले. तिघांनाही मी आधी एकच विचारलं, माशी बसते कुठे?

आमच्याकडे मावळात, भातखाचरांच्या कडेला, एक काठेवाडी घोडी आणि एक खच्ची केलेला देशी घोडा आहे. खाचरात चिखल, शेजारी म्हशींचा गोठा, म्हणजे माशांना माहेर. इतक्या वर्षांत मी यातल्या जवळजवळ प्रत्येक उपायावर पैसे घातलेत, काहींवर दोनदा. त्यामुळे जे लिहितोय ते तटस्थ नाही.

माशी डोळ्यांभोवती आणि जखमेवर बसत असेल तर ती साधी घरमाशी. ती चावत नाही, चाटते. पायांवर, गुडघ्याखाली बसून घोड्याला पाय आपटायला लावते ती तबेल्यातली चावरी माशी. दिसायला घरमाशीच वाटते, पण खाली वाकून नीट पाहिलं तर तोंडातून पुढे आलेली टाचणीसारखी सोंड दिसते. नर-मादी दोघंही रक्त पितात, पोट भरलं की शेजारच्या भिंतीवर जाऊन बसतात. भर उन्हात, पाणवठ्याजवळ, पाठीवर बसून रक्ताचा थेंब काढणारा मोठा तो डांस. आमच्याकडे त्यालाच गोमाशी म्हणतात. आणि संध्याकाळी काहीच दिसत नाही, तरी घोडं आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबाला घासून घासून सालपटं काढतं, तेव्हा ती चिलटं असतात. दोनेक मिलिमीटरचा जीव. उजेडाच्या विरुद्ध बाजूने पोटाखाली पाहिलं तर धूळ हलल्यासारखी दिसते.

आता पंखा की जाळी. चिलटं आणि डास यांचा त्रास असेल तर मी डोळे झाकून पंखा म्हणेन. चिलटाला वाऱ्यात उडता येत नाही; झाडाची पानं सतत हलतील एवढा वारा असला तरी ते घोड्याच्या अंगावर टिकत नाही. जाळीचं तसं नाही. आपण खिडकीला लावतो ती डासांची साधी जाळी चिलटांना दार उघडं ठेवल्यासारखीच असते. त्यांना अडवायचं तर विणकाम फारच बारीक हवं, आणि एवढी बारीक जाळी लावली की तबेल्यात वारा खेळत नाही, घोडं घामाघूम होतं. जाळीला जागा आहे ती वेगळ्या संकटात. २०२० मध्ये थायलंडमध्ये आफ्रिकन हॉर्स सिकनेस आला, पाचशेच्या वर घोडी गेली. हा रोग चिलटंच पसरवतात. तेव्हा तिथल्या मालकांनी अख्खे तबेले जाळीत बांधले. आपल्या देशानेही हा रोग १९६० साली पाहिलाय. अशी साथ असेल तर उकाडा सोसून जाळी लावावी. एरवी नाही.

पंख्याची मेख वेगळी आहे. घरातला भिंतीवरचा पंखा तबेल्यात लावला की गवताची धूळ मोटारीत बसते, ती तापते, आणि खाली वाळलेलं गवत असतं. बंद मोटारीचा, कारखान्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरतात तसला पंखा घ्या. वायर पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात. घोड्याची मान पोचणार नाही एवढ्या उंचीवर तिरका लावा. आणि वीज? चिलटांची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची, आमच्याकडे वीज जाण्याचीही तीच. म्हणून छोटा इन्व्हर्टर धरूनच हिशेब करा, नाहीतर पंखा भिंतीवरची शोभा.

चावऱ्या माशीवर पंख्याचा उपयोग थोडाच, कारण ती खाली पायापाशी असते. डांसावर तर नाहीच, पण डांसाला अंधाऱ्या आडोशाला यायला आवडत नाही. दुपारी अकरा ते चार घोडं छपराखाली घ्या, रानात सकाळी किंवा रात्री सोडा. डांसावर याहून स्वस्त आणि याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. फक्त चिलटांची वेळ याच्या नेमकी उलट पडते, हे विसरू नका. दोन्ही असतील तर दुपारी सावली आणि संध्याकाळी पंखा, मधल्या वेळात मोकळं.

बाटल्यांकडे येतो. दुकानात दोन जातीच्या मिळतात. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशीला खरोखर मारतात. कडुनिंब, करंज, गवती चहा-सिट्रोनेलाची तेलं तिला फक्त लांब ठेवतात, तेही काही तास. घोडं घामाने निथळलं की दोन्ही वाहून जातात, आणि घोड्याएवढं घामेजणारं जनावर दुसरं नसेल. पहिल्या जातीचं औषध घेणार असाल तर डॉक्टरांकडून प्रमाण लिहून घ्या आणि तबेल्यातल्या मांजराला त्या दिवशी लांब ठेवा. पर्मेथ्रिन मांजराला विष आहे. फवारा तोंडावर मारू नका, कापडावर घेऊन पुसा. पायांना लावत असाल तर ओल्या गवतातून फिरून आल्यावर ते राहिलेलं नसतं, हेही धरा. तेल लावणार असाल तर आधी मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून एक दिवस थांबा. आमच्या घोड्याच्या पाठीवर करंजेल चोपडून मी त्याला उन्हात बांधलं होतं. संध्याकाळपर्यंत माशा होत्याच, वर लाल मातीचा थर बसला आणि खोगिराखालच्या जागेवर पुरळ.

बाटलीबद्दल एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायलाच हवी. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या दुकानात मी माशीचं औषध मागितलं. काउंटरवरच्या मुलाने गोचिडाचं औषध पुढे केलं. "घोड्याला चालतं का?" "जनावराचंच आहे साहेब, गोठ्यात सगळे हेच नेतात." बाटलीवर अमिट्राझ लिहिलेलं होतं. मी सवयीने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "ती बाटली गोठ्यापुरती ठेवा, तबेल्याच्या उंबऱ्याच्या आत आणू नका." अमिट्राझ गाई-म्हशींना चालतं, पण घोड्याच्या आतड्याची हालचाल थांबवतं, पोट जाम होतं, पोटशूळ उठतो, घोडं जाऊ शकतं. बैलाचं औषध म्हणजे घोड्याचं औषध, हा आपल्याकडचा समज महागात पडतो. घरगुती उपायांतला लसूणही याच यादीत घाला. रक्ताला वास आला की माशी येत नाही, असं सांगून मूठमूठ लसूण खाऊ घालणारे लोक मी पाहिलेत. कांदा-लसूण जास्त झाला की घोड्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि पंडुरोग होतो.

धुरी थोडक्यात. कडुनिंबाचा पाला जाळला की माशा जातात, धूर विरला की येतात, आणि मधल्या वेळात घोडं तो धूर नाकाने ओढतं. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. दम्याची ठसक असलेल्या घोड्याजवळ तर कधीच नको.

अंगावर घालायच्या वस्तूंत जाळीचा मुखवटा, म्हणजे फ्लाय मास्क, पैसे वसूल करतो. डोळ्यांची घरमाशी त्याशिवाय आवरत नाही. घोड्याला त्यातून दिसतं. रोज काढून डोळे पाहायचे, धुवायचा, अंधार पडला की उतरवायचा. ज्यांना मास्क नको त्यांनी मोहरकीच्या कपाळपट्टीला सुती दोऱ्यांची झालर बांधावी. लग्नाच्या घोड्याच्या कपाळावर गोंडे असतात ते नुसते सजावटीचे वाटतात, पण मान हलली की तेच माशा हाकलतात. झालर मास्कच्या निम्म्यानेही काम करत नाही, पण फाटत नाही, घरी होते, आणि टांग्याच्या, लग्नाच्या कामात मालकाला लाजवत नाही.

अंगभर जाळीची झूल सगळ्यांत महाग. चिलटांनी आयाळ खाल्लेल्या घोड्याला ती मान आणि पोट झाकणारी हवी. पाठीपुरती झूल घेणं म्हणजे छत्री घेऊन पाय भिजवणं. आमच्या उकाड्यात तिच्याखाली घाम येतो, म्हणून मी ती संध्याकाळीच घालतो. झेब्र्याच्या पट्ट्यांची झूलही मिळते, तिला हसू नका. २०१९ साली संशोधक टिम कारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये घोड्यांना पट्ट्यांची झूल घालून पाहिली. डांस भोवती तेवढेच घिरट्या घालत होते, पण अंगावर उतरायचे फार कमी; त्यांना उतरायचा नेम साधत नव्हता. डोकं उघडं होतं, तिथे मात्र नेहमीसारखेच बसत होते. डांसाचा त्रास असेल आणि झूल घ्यायचीच असेल तर पट्ट्यांची घ्या. चिलटांवर मी त्या पट्ट्यांच्या भरवशावर राहणार नाही.

हे सगळं विकत घ्यायचं. लीद मात्र उचलायची असते, आणि म्हणून तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. एक घोडं दिवसाला साधारण पंधरा ते वीस किलो लीद टाकतं. गरम हवेत घरमाशीची अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आठवड्यातून एकदा उचलणाऱ्याने एक अख्खी पिढी घरात जवळजवळ तयार केली. चावऱ्या माशीला तर नुसती लीदही नको. मुतात भिजून कुजलेलं गवत तिला जास्त आवडतं, म्हणून गव्हाणीच्या बुडाशी साचलेला चोथा आधी काढा. रोज दोनदा उचला, तबेल्यापासून लांब ढीग करा, काळं प्लास्टिक टाका. ढिगाच्या पोटात हात घालवणार नाही एवढी उष्णता तयार होते आणि अळ्या मरतात. तीन फोनांपैकी एकाने माझं ऐकून चांगला पंखा घेतला होता. जाऊन पाहिलं तर लिदीचा ढीग पंख्यामागच्या खिडकीखालीच.

दोन दुखणी अशी आहेत जिथे वरच्या तुलनेला अर्थ उरत नाही. पावसाळ्यात ओठाच्या कोपऱ्यावर, डोळ्याच्या कडेला किंवा पायावर न भरणारी, दाणेदार जखम झाली तर ती बरसाती. माशी जंताच्या अळ्या जखमेवर सोडते, त्यातून होते. नावच पावसावरून पडलंय. तिला हळद नाही, जंताचं औषध लागतं. दुसरं सर्रा, डांसांमुळे पसरणारा रक्तातला रोग. डांस एका जनावराचं रक्त पिताना हाकलला की तीच ओली सोंड घेऊन शेजारच्यावर बसतो. १८८० साली पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना आता पाकिस्तानात असलेल्या डेरा इस्माईल खानच्या घोड्या-उंटांच्या रक्तात याचा जंतू सापडला, आणि तो अजून आपल्यात आहे. ताप येतो-जातो, घोडं खातं पण सुकतं, पोटाखाली सूज, मागचे पाय लडबडतात. तेव्हा फवारा शोधू नका, रक्त तपासा. आजारी जनावर, मग ते घोडं असो की म्हैस, बाकीच्यांपासून लांब बांधा.

माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी दिवसभर फिरणारं घोडं असेल तर पंखा आणि झूल दोन्ही सोडा. झालर, कामाआधी पायांना फवारा आणि रात्रीचा स्वच्छ ठाण एवढं करा. बंगल्याच्या आवारात एकटं उभं असेल तर पैसे पंख्यात घाला. आणि शक्य असेल तर त्याला सोबत द्या. आमची दोघं दुपारी एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे करून उभी राहतात आणि एकमेकांच्या डोळ्यांवरच्या माशा झटकतात. दिसायला बरं म्हणून शेपटी कापणाऱ्यांनी हे एकदा उभं राहून पाहावं.

मास्क घेणार असाल तर मे महिन्यातच घ्या, म्हणजे सवयीला वेळ मिळतो. काठेवाडी किंवा मारवाडी घोडं असेल तर कानाच्या पिशव्या असलेला घेऊ नका. आत वळलेले कान त्यात मावत नाहीत, घोडं मान झटकत राहतं. आमच्या घोडीने तसला पहिला मास्क अर्ध्या तासात खांबाला घासून फाडला. दुसरा बिनकानाचा आणला, गूळ देत देत घातला. त्याचा हा चौथा पावसाळा, डाव्या बाजूला गोणपाटाच्या सुतळीचे टाके घातलेत.